बियाण्याची मूठ

आमच्या कामठ्याच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. दार लोटलं की आधी वास यायचा आणि मग हळूहळू भिंतीशी बसलेल्या ढोल्या दिसायला लागायच्या. बांबूच्या, पोटाशी फुगलेल्या, शेणामातीनं आतून-बाहेरून लिंपलेल्या. प्रत्येकीत पुढच्या सालचं धानाचं बियाणं, त्यावर निंबाचा वाळका पाला आणि चुलीतली राख. खायचा धान ओसरीवरच्या मोठ्या कोठीत असायचा. ही खोली फक्त बियाण्याची आणि बियाणं मायचं. वावराचे मालक बाबूजी, पण त्या खोलीत तेही चपला बाहेर काढून, डोकं वाकवून यायचे आणि कशाला हात लावण्याआधी विचारायचे.

बाकीच्या घरांत वाण ओळखायला ढोलीच्या तोंडाला रंगीत चिंध्या बांधलेल्या असत. मायनं कधी चिंधी बांधली नाही. कापणीच्या आधी उभ्या पिकातून ती एकटीच फिरायची, मनाला येतील त्या लोंब्या खुडून ओच्यात घालायची, आणि पुढे वर्षभर कोणत्या ढोलीत काय आहे ते तिच्या नाकाला आणि दातांना माहीत असायचं. ज्यांनी धानाची शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते की हलका धान लवकर पिकतो, त्याला उंचावरच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, लागतात, जिथलं पाणी दसऱ्याच्या सुमारास आटून जातं. भारी धान उशिरा पिकतो, त्याला बोडीखालच्या, म्हणजे तळ्याखालच्या, ओल धरून ठेवणाऱ्या बांध्या लागतात. दोन्हींचा दाणा सारखाच दिसतो. निदान मला अजून सारखाच दिसतो. म्हणून घरात एक रीत होती. बियाणं उंबरा ओलांडायच्या आधी त्याची एक मूठ मायला उजेडात दाखवायची. तिनं स्वतः काढलेलं असलं तरी ती मूठ घेऊन ओसरीवर यायची, तळहात उन्हात उघडायची, एक दाणा दाताखाली धरायची. बारीक कट असा आवाज यायचा. मग ती म्हणायची, "ने." तेवढं ऐकल्याशिवाय बियाणं घराबाहेर जात नसे. आमच्याकडून बियाणं नेणाऱ्या घरांनाही हे ठाऊक होतं. बायजामावशी, जी आमच्याकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची पुढारी होती आणि जिची स्वतःची एकच बांधी होती, ती तर म्हणायची, "पाटलीनबाईच्या दातानं पास केल्याबिगर मी दाना बांधीत टाकत नाही."

हे प्रकरण मी बरेच दिवस टाळत आले. आधीची सगळी लिहून झाली, शाळेची, बोडीवर पोहायला शिकण्याची, पहिल्यांदा गोंदियाला एकटी बसनं गेले त्या दिवसाची. घरात आम्ही पोवारी बोलायचो, बाहेर झाडीबोली, बाजारात हिंदी. इथे मी माणसांना झाडीतच बोलतं केलं आहे, कारण पोवारी जशीच्या तशी लिहिली तर मी शिकवते त्या शाळेतल्या बाईसुद्धा अडखळतील. शाळेत मला गंभीर म्हणतात, कमी बोलणारी म्हणतात. तो माझा स्वभाव आहे असं सगळ्यांना वाटतं. न बोलायची सवय मला कुठून लागली हे मला पक्कं माहीत आहे, आणि ते या खोलीतलंच आहे.

त्या काळातली माय आठवायची म्हटलं की मला आधी तिचा संथपणा आठवतो. ती भरभर काही करायची नाही. हिवाळ्यात लाखोरीच्या डाळीचे वडे तळताना, तांदळाच्या पिठाचे चिले तव्यावर पसरताना, ती स्वतःशी हलक्या आवाजात बोलत असायची. पहाटे वावराकडून सारसांची जोडी ओरडायची, तो आवाज सगळ्या शिवारात घुमायचा, आणि माय म्हणायची, "झालं यायचं सुरू, आता बाबूजी उठतीन." आणि बाबूजी उठायचे. उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायची, सकाळी तो कांदा आणि जवसाच्या चटणीबरोबर आम्ही ओसरीवर बसून खायचो. कोणाच्या ताटात किती मीठ लागतं हे तिला विचारावं लागत नसे. गावातल्या कोणत्या पोरीचं लग्न कोणत्या साली झालं, कोणाच्या घरी कोणतं बियाणं गेलं आणि बदल्यात काय आलं, ते सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी असायचं.

मग तिला रक्त जायला लागलं. थांबेचना. महिन्यांमागून महिने तिनं ते कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा ती भिंत धरून चालत होती. गोंदियाला नेलं. तिथे पिशवीत गाठी आहेत म्हणाले, मोठं ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. बाबूजींनी सही केली. ऑपरेशननंतर ते बाहेर येऊन काकीला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणाले, "पिशवी काढली, संगं बाजूचंही सगळं काढलं. आता कटकट गेली मनते डॉक्टर." बाजूचं सगळं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा मी दहावीची परीक्षा देणार होते आणि जीवशास्त्राच्या पुस्तकात ती आकृती मी पाठ केलेली होती.

आता मी हीच आकृती कुडव्याच्या शाळेत फळ्यावर काढते. अंडाशय दाखवा, नावे द्या, गुण दोन. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तिथे तयार होतं, त्यामुळे मुलींच्या शरीरात बदल होतात, पाळी सुरू होते. पुस्तकात एवढंच आहे आणि मी इतकी वर्षं एवढंच शिकवत आले. खडू ठेवून हात झटकताना एकदाही मला माझी माय आठवली नाही. आठवू दिली नाही, हे जास्त खरं.

घरी आली ती दुसरीच बाई. अजून हिवाळा सरला नव्हता, आम्ही गोधड्यांत असायचो, आणि ती अंगावरचं सगळं भिरकावून ओसरीच्या ओल्या जमिनीवर बसायची. मान, छाती लाल व्हायची, घाम यायचा, मग लगेच थंडी वाजायची. झोप तुटली ती तुटलीच. रेडिओवर साधं भावाबद्दलचं गाणं लागलं तरी रडायची. आणि जी बाई आमच्यावर कधी आवाज चढवत नव्हती ती भांडी आपटायला लागली. बाबूजी म्हणायचे, "कमजोरी आहे, दूध पेत जा." काकी म्हणायची नजर लागली. मी काहीच म्हणत नव्हते. मला फक्त लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी त्यांना विहिरीकडूनच परत न्यायची.

पण मायला स्वतःला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. तिचे शब्द हरवत होते. "ते दे," ती म्हणायची. "ते काय ते, भात काढाचं." तिला पळी म्हणायचं असायचं. मला बकरीच्या नावानं हाक मारायची आणि स्वतःच दचकायची. एकदा चुलीवर भात ठेवून ती मागच्या परसात गेली आणि धूर दिसेपर्यंत तिला आठवलं नाही. त्या दिवशी जळकं भांडं घासताना ती मला म्हणाली, "निमू, माझ्या डोक्यात कोनी कापूस भरला असं वाटते." मी म्हटलं, "आराम कर." याहून जास्त मी तिच्याशी त्या विषयावर कधी बोलले नाही.

आणि घरातल्यांना याचा उपयोग सापडला. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, घरात जे झालं ते तसंच होतं. भाजीत मीठ जास्त झालं की काकी सहज म्हणायची, "बाई, तुमीच टाकलं दुसऱ्या डावा, इसरल्या का?" माय क्षणभर काकीकडे पाहायची. ती कुठेतरी आत शोधत असायची, टाकलं का, नाही टाकलं. मग म्हणायची, "मीच इसरली असन." किल्ली हरवली, दूध उतू गेलं, कोंबड्या उघड्या राहिल्या, सगळ्याला तेच उत्तर मिळायला लागलं. काकी वाईट बाई नव्हती. तिला एक सोपी वाट मिळाली होती आणि ती मी पाहून ठेवली.

मृग लागायला थोडे दिवस होते. पऱ्हे टाकायचे होते, म्हणजे रोवणीसाठी धानाची रोपं वाढवायला बी पेरायचं होतं. मायला जड उचलायला मनाई होती, म्हणून बियाण्याच्या खोलीचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी मी खोली सारवली. मोठ्या ढोल्या हलत नव्हत्या, दोन लहान होत्या त्या बाहेर काढल्या, एक हलक्या धानाची, एक भारीची. दाराकडची हलक्याची, आतली भारीची, हे माहीत होतं. जमीन वाळल्यावर परत ठेवताना माझ्या मनात आलं की यातली दाराकडची कोणती होती? मी दोन्हीकडे पाहिलं. मग वाटलं, उद्या माय मूठ पाहील ना. ठेवून दिल्या.

सकाळी ती ओसरीवर खांबाला टेकून बसली होती, मानेवर ओला पंचा. रात्रभर झोपली नव्हती. मी केस विंचरत होते. तिनं काय पाहिलं कोण जाणे, एकदम म्हणाली, "उन्हं वर आली अन् ही अजून नटून रायली. एक काम धड नाही हिच्यानं. पोटची पोरगी नाही, पाहुनी आली माझ्या घरी." काकी चुलीपाशी होती, ती हसली. मायनं असं मला कधीच म्हटलं नव्हतं. मी वेणी अर्धी सोडून आत गेले आणि धान उपसायला लागले. त्याच दोन ढोल्यांतून दोन पोती भरली. बाहेर बाबूजींनी बंडी जुंपली होती आणि बायजामावशी तिच्या बांधीसाठी टोपली घेऊन उभी होती.

"निमू, मूठ आन," माय म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. मी मुठीसाठी हात घातलाही होता. पण मला दिसत होतं पुढे काय होईल. ती दाणा चावेल, ओळखेल, ढोल्या बदलल्या हे कळेल, आणि बाबूजींसमोर, मावशीसमोर, काकीसमोर पुन्हा एकदा ऐकावं लागेल की हिच्यानं एक काम धड होत नाही. मी हात काढून घेतला. पोती ओसरीवरून ओढत पुढे नेली.

"मूठ दाखव मले," ती पुन्हा म्हणाली.

मी म्हटलं, "दाखवली ना माय मघाशी. इसरली का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण ती पाहत होती हे मला कळत होतं. काकीकडे पाहायची तसंच, आत शोधत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग ती हळू म्हणाली, "दाखवली का? बरं. मीच इसरली असन." आणि बाबूजींना म्हणाली, "ने."

पऱ्हे आले, रोवणी झाली. हिरवं सगळं सारखंच हिरवं असतं. दसरा जवळ आला तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते आधी दिसलं. आमच्या शिवारात दर वर्षी उंचावरच्या बांध्या आधी पिवळ्या पडायच्या आणि खाली बोडीपर्यंत हिरवं राहायचं. त्या वर्षी खाली पिवळं होतं आणि वर हिरवं. उंचावरचा भारी धान दाणा भरायच्या वेळेला पाण्यावाचून उभा राहिला, हातात घेतला तर पोचट. खालचा हलका पिकून पाण्यात आडवा झाला आणि लोंबीतच कोंब फुटले. लोक बांधावर उभे राहून बघायचे. कुणी हसलं नाही, ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

बायजामावशीची बांधी उंचावर होती. ती ओसरीखाली येऊन उभी राहिली, मूठभर पोचट लोंब्या मायपुढे ठेवल्या. "पाटलीनबाई, मले तं तू भारी दिलं," एवढंच म्हणाली. "तुझ्या दाताले काय झालं?"

मायनं एक दाणा घेतला, चावला. "माझं डोकं गेलं बायजा," ती म्हणाली. "मी पाहून देलं अन् मले ओरखू नाही आलं." मी दाराच्या आड उभी होते. तेव्हा दोन पावलं पुढे गेले असते तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. आमच्या कोठीतून मावशीला धान गेला, तिच्या घरची चूल थांबली नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ती बियाणं न्यायला आली नाही. कुणीच आलं नाही. मायनं खोलीची किल्ली स्वतः कमरेची काढून काकीला दिली. काकीला दाणा ओळखता येत नव्हता, मग बाबूजी गोंदियाहून दुकानाच्या थैल्या आणायला लागले. ढोल्यांतलं जुनं बियाणं एका वर्षी शिजवून खाल्लं. चव चांगली होती असं मला आठवतं.

गरमा, रडणं, चिडणं, ते हळूहळू ओसरलं. दोन-तीन वर्षांनी ती पुष्कळशी आधीसारखी झोपायला लागली, शब्दही परत आले. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांचं आणि तिचं स्वतःचं ठरून गेलं होतं. लग्नकार्यात कुणी काही विचारलं तर म्हणायची, मले नका इचारू, मी इसरभोळी. मी कॉलेजला गोंदियाला आले, नोकरी लागली, लग्न झालं, कुडव्याला घर झालं. कामठ्याला जायची ती सणावारी. आणि मायसमोर बसले की माझ्याकडे बोलायला काही नसायचं.

मागच्या वर्षी वर्गात शिकवताना माझा शब्द अडकला. फुलाची आकृती काढली होती, हातात खडू, आणि ते पिवळं बारीक असतं त्याचं नाव येईना. "ते... ते काय ते," मी म्हटलं. मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या, एकीनं सांगितलं, "परागकण, मॅडम." त्या आठवड्यात मी घरी एका कपबशीवरून इतकी ओरडले की नवरा न बोलता बाहेर निघून गेला. रात्री अंगातून आग निघायची. मी जमिनीवर बसले, गार फरशीवर, आणि बसल्याबसल्या मला माय दिसली. तशीच बसलेली.

गोंदियातल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत बोलायच्या. "मॅडम, दिमाग ठीक है आपका. पाळी जायचं वय आहे. इस्ट्रोजेन फक्त गर्भपिशवीसाठी असतं असं सगळ्यांना वाटतं, पण ते मेंदूतही काम करतं. झोप, मूड, शब्द आठवणं, अंगाची गरमी सांभाळणं, सगळीकडे त्याचा हात असतो. या वयात ते वर-खाली होतं, मग कमी होतं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. बहुतेकींचं नंतर निवळतं. औषध आहे, पण सगळ्यांना चालत नाही, तपासण्या करून ठरवू."

मी त्यांना मायचं सांगितलं. चाळिशीही झाली नव्हती, पिशवी आणि बाजूचं सगळं.

"दोन्ही अंडाशय?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांचं तुमच्यासारखं हळूहळू नाही झालं. सकाळी होतं, संध्याकाळी नाही. बिजली गई जैसे. गोळ्या दिल्या होत्या का पुढे?"

"कोणत्या गोळ्या?"

"आता देतो आम्ही, ज्यांना चालतात त्यांना, निदान पाळी जायचं नेहमीचं वय येईपर्यंत. इतक्या लवकर अंडाशय गेले की पुढे हाडांकडे, हृदयाकडे, स्मरणशक्तीकडेही लक्ष ठेवावं लागतं. कशा आहेत आता त्या?"

"चांगली आहे. विसरते म्हणते."

"म्हणतात की विसरतात?"

मी कागद घेऊन बाहेर आले, स्कूटीवर बसले, आणि घरी न जाता कामठ्याचा रस्ता धरला. कापणी झालेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे पुंजणे रचलेले.

माय अंगणात उन्हात लाखोरीची कोवळी भाजी निवडत बसली होती. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, बाबूजीही नाहीत. घर आता माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको वैशाली बघतात. ती मागे परसात होती. मी मायच्या समोर पाटावर बसले आणि भाजीला हात लावला, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

"माय, तुले त्या सालचा धान आठवते? खाली पिवळं झालं होतं, वर हिरवं."

तिचा हात थांबला. "ते काऊन काढून रायली आता?"

"ढोल्या मी बदलल्या होत्या. सारवतानी. अन् मूठ मी तुले दाखवलीच नव्हती. दाखवली मनून लबाड बोलली."

भाजीची एक काडी तिनं बोटांत धरली होती, ती धरूनच राहिली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल. मग ती म्हणाली, "दोन डाव मांगतली मी मूठ."

"हो."

"पहिल्या डावाले तू मनली, थांब. दुसऱ्या डावाले मनली, दाखवली ना मघाशी. तुझी वेनी अर्धी सुटली होती. अन् तू भिंतीकडं तोंड करून बोलली."

भिंतीचं मला आठवत नव्हतं. वेणीचंही तिनं म्हटल्यावरच आठवलं. ते वर लिहिलं आहे ते तिच्या आठवणीतून उचललेलं.

"मले आठवे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सगळं आठवे, का मूठ माझ्या हातात आली नाही. हातावर दाना नाही, दाताले दाना नाही. लय दिवस मी तेच घोळलं. मंग मनलं, पोरगी लबाड कायले बोलन. शिकून रायली. माझंच डोकं गेलं असन."

मी तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सांगायला लागले. ऑपरेशनमध्ये काय काढलं, त्यातून काय बनायचं, ते मेंदूला कसं लागायचं, ते एकाएकी बंद झाल्यावर काय होतं. वर्गात शिकवते तसं नाही, अडखळत. शेजारणीच्या दुखण्याबद्दल ऐकावं तशी ती ऐकत होती.

"म्हनजे तो गरमा, ते रडनं, त्याच्यानं?"

"हो."

"पळीचं नाव नाही ये मले, ते?"

"तेही त्याच्यानं. तू पागल नव्हती झाली माय. ते निवळलंही नंतर."

"अन् मूठ?"

"मूठ माझ्यानं."

तिनं काडी टोपलीत टाकली. पुन्हा भाजी निवडायला लागली. मला वाटत होतं ती रडेल, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवेल. आपण काय काय कल्पून जातो. ती म्हणाली, "बायजा मेली. तिले कोन सांगन आता?"

मी भाजीवरचा हात काढून घेतला.

"जा आज," माय म्हणाली. "मंग ये कधी. आज मले तुझं तोंड नाही पाहाचं."

मी उठले. स्कार्फ बांधला, स्कूटी स्टँडवरून काढली. तेवढ्यात वैशाली परसातून हात पुसत आली आणि मला पाहून म्हणाली, "ताई, कधी आल्या? थांबा, चहा मांडते." मग मायकडे वळून, रोजच्या सुरात, राग नाही काही नाही, "आई, मागचं फाटक उघडंच ठेवलं का तुमी? बकरी शिरली तं सगळा वाल खाईन."

मला पुढचं वाक्य माहीत होतं. इतकी वर्षं ऐकलेलं होतं. मी स्कूटीच्या हँडलवर हात ठेवून उभी राहिले.

"लावलं मी," माय म्हणाली.

"नक्की का, आई? नाही तं तुमी..."

"कडी लावली अन् वरून दोरी बांधली. माझ्या हातानं." तिनं मान वर केली नाही, भाजी निवडत राहिली. "दुसऱ्या डावा इचारू नको."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. ती फाटक बघायला गेली नाही, चहाही मांडला नाही, तिथेच जराशी घोटाळली. मी स्कूटी चालू न करता ढकलत रस्त्यापर्यंत नेली.